खुर्ची मागू नये

माझ्या टेबलाच्या काचेखाली एक कागद आहे. एका बाजूला कोळशाच्या नमुन्यांचा कोरा छापील तक्ता आणि पाठकोऱ्या बाजूला निळ्या बॉलपेनने लिहिलेल्या अकरा सूचनांची झेरॉक्स. अक्षर मोठं, पाटीवर गिरवून आलेलं, प्रत्येक ओळ शेवटाकडे थोडी वर चढलेली. मथळा आहे, ‘पट पाहाले येणाऱ्या पाव्हण्यांसाठी’. आमच्या वीज केंद्रात कुणी नुसतं म्हणालं की यंदा पटाला यावं म्हणतो, की कोळशाचे नमुने घेणारे मोहतुरेजी खिशातून असा एक कागद काढून त्याच्या हातात ठेवायचे. माणूस आला नाही तरी कागद त्याच्याकडे राहायचाच.

पट म्हणजे शंकरपट. धान निघाल्यावर ऐन थंडीत, कापलेल्या बांध्यांमधून, म्हणजे धानाच्या शेतांमधून, एक सरळ लांब पट्टा तयार करतात आणि त्यावर बैलजोड्या पळवतात. मागे हलका छकडा, त्यावर एकच हाकणारा. सुरुवातीला झेंडी घेतलेला माणूस, शेवटी घड्याळ घेतलेला माणूस, मधे काही सेकंद. मोहतुरेजींचं गाव नागपूर जिल्ह्यातच, कुहीच्या पुढे आत आहे. तिथे पटाचे तीन दिवस दिवाळीपेक्षा मोठे. लेकी माहेरी येतात, सोयरे येतात, घराघरांत चुलीवर मोठी पातेली चढतात. आणि बाहेरून आलेल्या, पट कधी न पाहिलेल्या माणसांना सांभाळायचं काम मोहतुरेजींकडे. ते त्यांना कुणी दिलेलं नव्हतं, पण त्यांच्याकडून कुणी घेतही नव्हतं.

पहिली सूचना आहे, ‘उभं राहण्याची जागा मी सांगीन. सांगितलेली जागा सोडू नये.’ दुसरी, ‘छत्री आणू नये. आणली तर उघडू नये. ऊन लागलं तर दुपट्टा बांधावा, बैल छत्रीले बुजते.’ तिसरी, ‘दहाच्या आत यावं. अकराले येणाऱ्याले फक्त धूळ दिसते.’ सातवी माझी आवडती आहे. ‘बैलाचं वय मालकाले विचारू नये. तो बैलाचं तोंड उघडून दात दाखवते अन् मंग अर्धा तास सोडत नाही.’ नववी, ‘जेवण माझ्या घरी. हॉटेल शोधू नये, नाही आहे.’ अकरावी, ‘जाताना मला भेटून जावं.’ बहुतेक सूचनांना काही ना काही कारण जोडलेलं आहे. चौथीला नाही. चौथी फक्त तीन शब्दांची आहे, ‘खुर्ची मागू नये.’

गेल्या उन्हाळ्यात मोहतुरेजी गेले. निरोप ग्रुपवर आला तेव्हा मी भट्टीसमोर उभी होते. कोळशात राख किती आहे ते पाहायचं तर चिमूटभर कोळसा मुशीत घालून भट्टीत जाळतात आणि उरलेल्याचं वजन करतात. हे माझं रोजचं काम. मी निरोप वाचला, चिमट्याने मूस बाहेर काढली, ती थंड होऊ दिली, वजन केलं, आकडा लिहिला. मग जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं. मला काही झालं नाही. घरी जाऊन भाजीला फोडणी दिली, तेव्हाही नाही. पंधरा वर्षं ज्या माणसाशी रोज बोलले त्याच्यासाठी डोळ्यांत पाणी येत नाही याची थोडी लाज वाटली, तेवढंच. लिहायला बसलं की काही होईल, असं वाटलं होतं. अजून तरी नाही.

ते नमुने घ्यायचे. गाडीने कोळसा ढिगांनी येतो आणि मला मुशीत हवा असतो चिमूटभर. ती चिमूट अशी हवी की सगळा ढीग तिच्यात आला पाहिजे. त्याची एक रीत आहे. कोळसा बारीक करायचा, शंकूसारखा ढीग करायचा, तो वरून दाबून चपटा करायचा, त्यावर फुली मारून चार भाग करायचे. समोरासमोरचे दोन भाग टाकून द्यायचे, उरलेले दोन मिसळायचे आणि पुन्हा ढीग, पुन्हा फुली. असं करत करत पोत्याचा डबा होतो, डब्याची वाटी होते, वाटीची चिमूट. मोहतुरेजींनी हे काम तीस वर्षं केलं आणि ते त्यांच्या हातात इतकं बसलं होतं की डब्यातल्या पोळीचेही ते चार भाग करत. समोरासमोरचे दोन आधी खायचे, थोडं थांबायचे, मग उरलेले दोन.

बोलणंही तसंच. सगळ्या हकिकतीतलं अर्धं टाकून, उरलेल्यातलं पुन्हा अर्धं टाकून ते सांगायचे. बायकोचं ऑपरेशन झालं त्या आठवड्यानंतर मी विचारलं, तर म्हणाले की दवाखान्यात नेलं, खडा निघाला, घरी आणलं. मुलाला पुण्यात नोकरी लागली तेही याच आवाजात सांगितलं. त्यांना बरं वाटलं की वाईट, हे आवाजावरून कधी कळायचं नाही. कसं काय मोहतुरेजी, असं विचारलं की रोजचं ठरलेलं उत्तर, चालू आहे जी. आमच्याकडे त्यांची नक्कल सगळे करायचे. ते ऐकायचे आणि त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही.

एक मात्र होतं. कोण कुठे उभं आहे याकडे त्यांचं सतत लक्ष. नवा इंजिनिअर वॅगन उलटताना पाहायला आला की मोहतुरेजी त्याच्या दंडाला धरून चार पावलं मागे न्यायचे, कुठल्याही साहेबाचा दंड असो. गेटवर कोळशाचे ट्रक वळायचे तिथे चहावाल्याचा बाक होता. तो त्यांनी तीन वेळा उचलून भिंतीकडे सरकवला. तिसऱ्या वेळेनंतर चहावाल्याने तो तिथेच राहू दिला. आमच्या एका सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न नागपुरात, सदर भागात होतं. वरात आली, बँड वाजत होता, नवरदेव घोडीवर. नवऱ्याचे मामा अगदी घोडीच्या मागे नाचत होते. मोहतुरेजी मुलीकडचे, तरी पुढे होऊन त्यांनी मामांना बाजूला केलं. मामा पुन्हा आले, पुन्हा बाजूला केलं. तिसऱ्यांदा मामा भडकले, वऱ्हाडी मंडळींसमोर तुम्ही कोण सांगणारे वगैरे बोलले. बँड थांबला. मोहतुरेजी शांतपणे म्हणाले, “राग करा जी. पण इकडून करा.”

आणि ते खुर्चीत बसायचे नाहीत. प्रयोगशाळेत चार खुर्च्या रिकाम्या असल्या तरी नमुन्याचा डबा उलटा करून त्यावर बसत. नव्या साहेबाला वाटायचं की हे मान देत आहेत. मलाही पहिली दोन वर्षं तसंच वाटत होतं.

नोकरीला लागून दोन वर्षं झाल्यावर मी पहिल्यांदा पटाला गेले. मी नागपूरचीच, महाल भागातली, पण आमच्या घरात बैलाचा संबंध पोळ्यापुरता, तोही मातीच्या. प्रयोगशाळेतले आम्ही चौघं सकाळी निघालो. वाटेत कुही मागे पडलं, मग दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाची धसकटं आणि मिरच्यांच्या लाल पसाऱ्यांची अंगणं. दहाच्या आत पोचलो. मोहतुरेजी पांढऱ्या शर्टात, गळ्यात दुपट्टा, हातात दोराचं भेंडोळं घेऊन उभे होते. त्यांनी आम्हाला पट्ट्याच्या शेवटाअलीकडच्या एका उंच बांधावर नेलं, समोर दोर बांधला आणि एकेकाला खांद्याला धरून उभं केलं. मला म्हणाले, पाय थोडे फाकवून उभ्या राहा, दिवसभर राहायचं आहे.

तेवढ्यात गावच्या कुणीतरी, ‘मॅडम आल्या’ म्हणून, माझ्यासाठी प्लॅस्टिकची खुर्ची आणली. मी खूश झाले. बसायला वाकले, तर मोहतुरेजींनी खुर्ची माझ्या मागून उचलली आणि लांब, आंब्याच्या झाडाखाली नेऊन उलटी ठेवून आले. परत येऊन म्हणाले, “मॅडमजी, इथं उभंच राहा लागते.” चार माणसांत माझा चेहरा पडला. तो माणूस माझ्या हाताखालचा, आणि त्याने मला सगळ्यांदेखत खुर्चीवरून उठवलं, असंच मला तेव्हा वाटलं. मी तासभर त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना ते कळलं की नाही, तेही कळलं नाही.

जोड्या पळायला लागल्या. पट सांगून कळत नाही. लांब टोकाला झेंडी पडते, धुळीचा एक गोळा उठतो, तो मोठा होत येतो आणि त्यातून एकदम दोन डोकी बाहेर येतात, शिंगं मागे, नाकपुड्या फुगलेल्या, आणि छातीत आधी आवाज येतो, कानात नंतर. दहाएक जोड्या झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मोहतुरेजी दोराच्या पलीकडे आमच्याकडे तोंड करून उभे आहेत. पट्ट्याकडे त्यांची पाठ. जोडी सुटली की आमच्या माना डावीकडून उजवीकडे फिरायच्या आणि त्यांचे डोळे आमच्या चेहऱ्यांवरून डावीकडून उजवीकडे फिरायचे. घड्याळवाल्याने पुकारायच्या आधी ते पुटपुटायचे, ही मागच्यापेक्षा जलद आहे. ती असायची. मी शेवटी अबोला मोडून विचारलं, तुम्ही का पाहत नाही?

“पाहून राहिलो ना जी.”

“तुम्ही तर आमच्याकडे पाहताय.”

“हाव,” ते म्हणाले, आणि माझ्या शेजारच्याला अर्धं पाऊल मागे घेतलं.

पट्ट्याच्या अगदी शेवटी, रेषेच्या पलीकडे जिथे जोड्या सावकाश होतात, तिथे डाव्या हाताला तणसाचा मोठा ढीग होता. धानाचं तणीस, म्हणजे पेंढा, माणसाच्या उंचीचं. ती जागा खरी पाहायची, जोडी सरळ अंगावर येताना दिसली असती. मी म्हटलंही की तिथे ढीग कशाला टाकलाय, माणसं उभी राहिली असती. त्यांनी दोराची गाठ पुन्हा घट्ट केली. दुपारी त्यांच्या घरी जेवलो, पाटोडीची भाजी, तिखट रस्सा, आणि त्यांच्या बायकोने आग्रह करून वाढलेला भात. निघताना अकराव्या सूचनेप्रमाणे भेटायला गेलो. त्यांनी चौघांनाही एकेक करून विचारलं, “दिसलं का नीट?” चौघंही हो म्हणेपर्यंत त्यांनी आम्हाला सोडलं नाही.

पुढे पटावर बंदी आली. बरीच वर्षं राहिली. गावागावांतून लोक चिडले, मोर्चे निघाले, पेपरात रोज काहीतरी असायचं. मला वाटलं मोहतुरेजींना फार लागेल. त्यांनी त्यांचे कागद ड्रॉवरमध्ये ठेवले आणि ढीग करून फुल्या मारत राहिले. त्याच काळात एक दिवस कुणीतरी विषय काढला की बरं झालं बंदी आली, माणसं मरतात त्यात. कुणी मेल्याचं पाहिलंय का, असं दुसऱ्याने विचारलं. सगळे चहाला गेले, मी आणि मोहतुरेजी उरलो. ते पाट्याने कोळसा चपटा करत होते. मान वर न करता त्यांनी सांगितलं, आणि जसं सांगितलं तसंच मी लिहिते.

“बहिणीचे मिस्टर होते. कामठीले मास्तर. पटाले पहिल्यांदाच आले. जावई म्हणून ग्रामपंचायतीतून हाताची खुर्ची आणली मी. सगळे उभे, ते बसले. म्हणलं, भाऊजी, इथून सगळ्यात चांगलं दिसते. कोणंतरी छत्री उघडली, जोडी बुजली. उभे होते ते पळाले.” त्यांनी फुली मारली. “भाऊजी उठून राहिले होते.”

हातांची लाकडी खुर्ची. जोडी अंगावर आली तेव्हा ते अजून तिच्यातून उठतच होते. पहिल्यांदा आलेल्या जावयाचा मान. गावात त्या दिवशी दुसऱ्या कुणालाही तशी खुर्ची नव्हती. मी विचारलं की बहीण काय म्हणाली. त्यांनी समोरासमोरचे दोन भाग बाजूला सारले. म्हणाले की सुमी काही म्हणत नाही. पोरगी तेव्हा चार वर्षांची होती. सुमी राखीला येते, भाऊबीजेला येते, ओवाळते, जेवते, जाते. पटाला मात्र तेव्हापासून आली नाही. त्या दिवसाबद्दल एक शब्द नाही, ना भावाशी, ना वहिनीशी. मग त्यांनी जे म्हटलं ते त्यांच्याकडून मी ऐकलेलं सगळ्यात लांब वाक्य होतं.

“तिनं एकदा म्हणाव ना जी, का भाऊ, तू काहून तिथं बसवलं. भांडली असती तं बरं झालं असतं. बारा वर्षं झाले, मी वाट पाहून राहिलो.”

चहाला गेलेले परत आले. मोहतुरेजींनी उरलेले दोन भाग मिसळले. त्यानंतर हा विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही. मी त्यांच्यासाठी एक स्टूल मागवून घेतलं, पाठ नसलेलं, हात नसलेलं. ते त्यावर बसू लागले. आभार वगैरे काही नाही.

बंदी उठली तोवर त्यांच्या निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. नव्या पटाला नियमांची यादी आली. बैलांना टोचायचं नाही, डॉक्टर हजर पाहिजे, दोन्ही बाजूंना लाकडी बल्ल्यांचं मजबूत कुंपण पाहिजे. मोहतुरेजींनी यादी वाचली आणि एवढंच म्हणाले की कुंपण आधी पाहिजे होतं. त्यांनी ड्रॉवरमधून आपले कागद काढले. ते पुन्हा दोर घेऊन बांधावर उभे राहू लागले, आमच्याकडे तोंड करून. कुंपण आलं तरी तणसाचा ढीग दरवर्षी त्याच जागी पडायचाच.

निवृत्तीनंतर काही महिन्यांनी, डिसेंबरात, एक दिवस ते बस बदलत बदलत कोराडीला, आमच्या वीज केंद्रात आले. प्रयोगशाळेत येऊन आपल्या स्टुलावर बसले. चहा घेतला. वाटलं पेन्शनच्या कागदांचं काही असेल. मग त्यांनी सांगितलं की पटात आता बायकांचा एक दिवस असतो, बायका जोड्या हाकतात, आणि यंदा भाची हाकणार आहे. पल्लवी. तेविशीची पोरगी, मामाच्याच गावात दोन हिवाळे राहून मामाच्या चुलतभावांच्या बैलांवर शिकलेली. मामाने तिला एकदाही हाकताना पाहिलं नव्हतं. सरावालाही ते पट्ट्याकडे पाठ करूनच उभे राहायचे.

“सुमी येऊन राहिली,” ते म्हणाले. “पोरीले पाहाले. तिचे गुडघे गेले, उभं नाही राहता येत. तिले कुठं ठेवू मॅडमजी?”

पंधरा वर्षांत त्यांनी मला जागा विचारली ती ही एकदाच. मी म्हटलं, स्टेजवर बसवा पाहुण्यांमध्ये. पळून झालेल्या जोड्या स्टेजसमोरच परत वळतात, म्हणाले. मी म्हटलं, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. ट्रॉलीतून उतरायला वेळ लागते, म्हणाले. त्यांनी माझ्या टेबलावरून कोरा तक्ता ओढला, पाठकोऱ्या बाजूवर पट्टा काढला, त्यावर फुली मारली आणि समोरासमोरचे दोन भाग खोडले. उरलेल्या भागांवर पुन्हा फुली. असं करत कागदावर शेवटी कुठेच जागा उरली नाही. त्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली. मला त्यांच्यासाठी फार वाईट वाटलं. हे नक्की वाटलं, हे मला आठवतं, कारण त्या दिवशी माझं वजन चुकलं आणि मला तो नमुना पुन्हा जाळावा लागला.

जानेवारीत मी गेले. कागदात लिहिल्याप्रमाणे दहाच्या आत. बांधावर माझी नेहमीची जागा होती. मोहतुरेजी तिथेच होते, दोर हातात, पण डोळे रस्त्याकडे. थोड्या वेळाने सुमनताई आल्या. साठीकडे झुकलेल्या, बारीक, करड्या रंगाची साडी, हातात काठी. त्यांना मी तोवर पाहिलं नव्हतं. चेहरा भावासारखाच, रेघ न हलणारा. दोघं एकमेकांसमोर उभे राहिले. मोहतुरेजी त्यांना बांधावर, माझ्या शेजारी आणायला लागले, तर त्या थांबल्या आणि पट्ट्याच्या शेवटाकडे पाहत राहिल्या.

“ते कुठं होते गा भाऊ?”

मोहतुरेजींनी तणसाच्या ढिगाकडे बोट केलं.

“मले तिथंच बसव,” त्या म्हणाल्या. “अन् खुर्ची आण. मले उभं नाही राहता येत.”

मोहतुरेजींनी वाद घातला नाही. मला वाटलं घालतील, निदान कुंपणाचं, जागेचं काहीतरी म्हणतील. त्यांनी दोर खाली ठेवला, ढिगापाशी गेले आणि दोन्ही हातांनी तणीस बाजूला सारायला लागले. गावची दोन माणसं मदतीला धावली, त्यांना त्यांनी हाताने मागे राहायला सांगितलं. माणसाच्या उंचीचा ढीग, वेळ लागला. मधे तीन जोड्या पळून गेल्या. त्यांच्या केसांत, दुपट्ट्यात तणीस अडकलं. जागा मोकळी झाली तेव्हा खालची जमीन इतर शेतापेक्षा ओलसर आणि काळी दिसत होती, वर्षानुवर्षं ऊन न लागल्यासारखी. मग ते आंब्याखाली गेले आणि खुर्ची घेऊन आले. बिनहातांची होती. ती त्यांनी ठेवली, दाबून पाहिली, पाय रुतत नाहीत ना ते पाहिलं. सुमनताई बसल्या.

मी बांध सोडून त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. पहिली सूचना मोडून. कुणाचं लक्ष नव्हतं.

मोहतुरेजी खुर्चीच्या पुढे उभे राहिले. कुंपण आणि खुर्ची यांच्या मधोमध. पट्ट्याकडे पाठ, बहिणीकडे तोंड, पाय फाकवलेले. पुढच्या जोड्या गेल्या तेव्हा ते हलले नाहीत. सुमनताईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग डावीकडून वाकून पाहिलं, मग उजवीकडून. लाउडस्पीकरवर पल्लवीचं नाव पुकारलं. लांबवर बायकांचा गलका झाला.

“भाऊ, तू मधात उभा आहे,” त्या म्हणाल्या. “मले दिसून नाही राहिलं. बाजूले हो.”

ते उभेच राहिले. त्यांच्या कपाळावर घाम होता, जानेवारीत. 

“बाजूले हो गा,” त्या पुन्हा म्हणाल्या, आधीच्याच आवाजात.

झेंडी पडली. त्यांनी डावा पाय उचलला, बाजूला टाकला, मग उजवा. एकच पाऊल. खुर्चीच्या समोर आता कुणी नव्हतं, फक्त कुंपण आणि लांबलचक पट्टा. त्यांनी एक हात खुर्चीच्या पाठीवर ठेवला आणि मान वळवली नाही. जोडी आली. मला जोडीचं काही नीट आठवत नाही. धूळ आठवते, छकड्यावर वाकलेली एक पिवळी ओढणी आठवते, आणि पायाखालची जमीन. मी मोहतुरेजींकडे पाहत होते आणि मोहतुरेजी बहिणीच्या चेहऱ्याकडे. जोडी रेषेवरून सरळ आमच्यासमोर येऊन, कुंपणाच्या कितीतरी आत, सावकाश झाली. लाउडस्पीकरवर वेळ सांगितली. नंबरात नव्हती.

धूळ बसली.

“दिसलं का वं नीट?” मोहतुरेजींनी विचारलं.

“दिसलं.” सुमनताईंनी पदराने तोंडावरची धूळ पुसली. मग पट्ट्याकडे पाहतच म्हणाल्या, “जागा चांगलीच होती गा भाऊ. इथूनच नीट दिसते.”

मोहतुरेजी हाव म्हणाले. एवढंच. मग ते खाली वाकले आणि तिच्या साडीच्या काठाला चिकटलेलं तणीस एकेक काडी काढू लागले, सगळं निघेपर्यंत.

उन्हं कलायच्या आत पल्लवी बैल घेऊन पुढे गेली, आणि ही दोघं गावाकडे निघाली. मोहतुरेजींनी खुर्ची उलटी करून डोक्यावर घेतली होती. सुमनताई काठी टेकत मागून, फार सावकाश. दर दहाएक पावलांवर ते थांबायचे, खुर्चीसकट पूर्ण मागे वळायचे, ती येईपर्यंत तिच्याकडे पाहायचे, मग पुढे चालायचे. धसकटांच्या बांध्यांमधून ती खुर्ची खूप लांबपर्यंत दिसत राहिली, थांबत, वळत. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

मी मारली नाही. त्या दिवशी मी त्यांना न भेटता निघाले. उन्हाळ्यात ते गेले, त्यामुळे मला ‘दिसलं का नीट?’ हे त्यांनी विचारायचं राहून गेलं.